लँगम्यूर प्रोब: आयन प्रवाह सपाट होत नाही, मदत हवी आहे

मुंबईतल्या एका कॉलेजची लॅब. आर्गॉनचा प्लाझ्मा (आयन आणि सुटे इलेक्ट्रॉन असलेला वायू), ५ पास्कल, १३.५६ मेगाहर्ट्झ आरएफ (रेडिओ-वारंवारतेची वीज). प्रोब, म्हणजे प्लाझ्मात घालून व्होल्टेज बदलत प्रवाह मोजायची तार, इथे ०.२५ मिमी व्यासाची टंगस्टनची, ६ मिमी उघडी, बाकी अ‍ॅल्युमिनाच्या नळीत. प्लाझ्मा पोटेन्शियल (प्लाझ्माचं स्वतःचं व्होल्टेज) +२० व्होल्टच्या आसपास. −४० व्होल्टला ४ मायक्रोअँपिअर मिळतात, पण प्रवाह वाढतच राहतो. शिवाय इलेक्ट्रॉन तापमान ७ इव्ही (इलेक्ट्रॉन-व्होल्ट) येतंय. घनता (घनमीटरमधली आयनांची संख्या) कशी काढू?

प्रतिसाद १
इतक्या बारीक तारेला प्रवाह सपाट होणारच नाही. डेबाय लांबी (ज्या अंतरात प्लाझ्मा बाहेरचं व्होल्टेज झाकून टाकतो) मीटरमध्ये = ७४३४ × √(इव्हीतलं तापमान ÷ घनता). ३ इव्ही आणि घनमीटरला १०^१५ धरा: ०.४ मिमी. तारेची त्रिज्या ०.१२५ मिमी. म्हणजे शीथ (तारेभोवतीचा, इलेक्ट्रॉन जवळजवळ नसलेला थर) तारेपेक्षा कितीतरी जाड, आणि बायस (तारेला दिलेलं व्होल्टेज) जितका ऋण कराल तितकी ती फुगते. बोमच्या सूत्रात (सपाट आयन प्रवाहावरून घनता काढायचं नेहमीचं सूत्र) नुसत्या तारेचं क्षेत्रफळ घातलंत तर तुमच्या ४ मायक्रोअँपिअरवरून घनता तिपटीहून जास्त निघेल. त्याऐवजी प्रवाहाचा वर्ग विरुद्ध व्होल्टेज काढा. रेष सरळ आली तर
चढ = २ × क्षेत्रफळाचा वर्ग × घनतेचा वर्ग × विद्युतभाराचा घन ÷ (π² × आयनाचं वस्तुमान).
मात्र ५ पास्कलला आयनांचा मुक्तपथ (दोन टकरींमधलं सरासरी अंतर) जेमतेम ०.८ मिमी आहे. शीथमध्येच टकरी होतात, तारेला वळसा घालून निसटणारे आयनही तारेवर पडतात, प्रवाह वाढतो, घनता जास्त दिसते. १ पास्कलला (मुक्तपथ ४ मिमी) एकदा घेऊन बघाच.

प्रतिसाद २
७ इव्हीवर विश्वास ठेवू नका. शीथ डायोडसारखी वागते. आरएफच्या झोक्यांची सरासरी निघून प्रवाह-व्होल्टेज वक्राचा गुडघा (वळणाचा कोपरा) गोल होतो, फ्लोटिंग पोटेन्शियल (जिथे एकूण प्रवाह शून्य होतो ते व्होल्टेज) ऋण बाजूला सरकतं. टोकाच्या अगदी मागे १३.५६ आणि २७.१२ मेगाहर्ट्झला स्वतः रेझोनन्सला येणारे चोक (आरएफ अडवणारी वेटोळी) बसवा, नळीवर कपॅसिटरने जोडलेली धातूची कडी द्या. लॅमिंग्टन रोडवरून एका मूल्याचे बरेच चोक आणा आणि नेटवर्क अ‍ॅनलायझरवर (वारंवारतेनुसार अडथळा मोजणारं यंत्र) रेझोनन्स मोजून निवडा. ही मोजणी चोक नळीत बसवूनच करा, कारण नळीच्या कपॅसिटन्सने रेझोनन्स सरकतो.

प्रश्नकर्ता
धन्यवाद! व्होल्टेज वाढवत आणि कमी करत घेतलेले वक्र (चढता आणि उतरता स्वीप) जुळत नाहीत, तेही आरएफमुळेच का?

प्रतिसाद २
नाही, तार मळली आहे. पावसाळ्यात चेंबर उघडलं की पाण्याची वाफ आत चिकटते, म्हणून पंपिंगला जास्त वेळ द्या. स्वीपआधी −१०० व्होल्टवर काही मिनिटं आयनांचा मारा होऊ द्या. उडालेला धातू अ‍ॅल्युमिनाच्या तोंडावर बसून तारेला टेकला तर क्षेत्रफळ वाढतं, तेव्हा तिथे तार आणि नळी यांत फट ठेवा.