लोहाची आणि कॅल्शियमची गोळी: कधी आणि कशासोबत?

रानजाई:
वहिनीला गरोदरपणाचा अठरावा आठवडा चालू आहे, हिमोग्लोबिन 9.4. लोहाच्या दोन आणि कॅल्शियमच्या दोन गोळ्या रोज सांगितल्यात. लोहाच्या गोळीने मळमळतं, शौचाला काळी आणि खडा होते, म्हणून ती चहाबरोबर घेते, कधी टाळते. बीट, खजूर, पालक रोज चालू आहे. तेवढ्याने भागेल का? आणि चालायला जावं की आराम करावा?

ताटवाटी:
नाही भागणार. बीट लाल असलं तरी 100 ग्रॅममध्ये लोह जेमतेम 1 मिलिग्रॅम, आणि भाजीतलं लोह अंगी लागतंही थोडंच. सरकारी गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. आहार हवाच, पण 9.4 वरून वर यायला गोळीच लागते.

चहा मात्र आधी सोडवा. त्यातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं आणि गोळी वाया जाते. कॅल्शियमही लोहाच्या आड येतं, म्हणून दोन्ही गोळ्या एकत्र नकोत. असं बसवा: कॅल्शियम न्याहारीसोबत आणि रात्रीच्या जेवणासोबत. लोह सकाळी अकराला आणि संध्याकाळी सहाला, लिंबूपाण्याबरोबर. चारचा चहा सहाच्या गोळीला आड येत नाही.

रिकाम्या पोटी फारच मळमळलं तर जेवणानंतर घ्या. शोषण कमी होतं, पण गोळी बंद करण्यापेक्षा ते कितीतरी बरं. काळी शौच म्हणजे न शोषलेलं लोह, घाबरू नका. डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची झाली तर मात्र डॉक्टरांना सांगा. खडा होत असेल तर भरपूर पाणी, ज्वारीची भाकरी आणि पेरू. पेरूतलं क जीवनसत्त्व लोहालाही मदत करतं.

सोनचाफा22:
महिन्याने हिमोग्लोबिन पुन्हा तपासा. नियमित गोळ्या घेऊनही 1 ग्रॅमसुद्धा वाढलं नाही, तर नुसत्या गोळ्या वाढवत बसू नका. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांची वाहक आहे का, हे एचपीएलसी नावाच्या रक्ततपासणीत कळतं. विदर्भात आणि नंदुरबार-धुळे भागात तर ही तपासणी हवीच. ती वाहक निघाली तर नवऱ्याचीही लगेच करा. जंताची गोळी (अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅम) दुसऱ्या तिमाहीत एकदा देतात. दिली नसेल तर विचारा.

चालायला हरकत नाही, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास, चालताना सलग बोलता येईल इतक्याच वेगाने. धाप लागली की थांबायचं. रक्तस्राव, पाणी जाणं, छातीत दुखणं, एकाच पोटरीला सूज, यातलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना. वार (प्लासेंटा) खाली असल्याचं सोनोग्राफीत सांगितलं असल्यास आधी डॉक्टरांना विचारून घ्या.

केतकी_पान:
आमचा बाळाचा विचार चालू आहे. आधीपासून काय घ्यावं?

ताटवाटी:
फॉलिक ॲसिड 400 मायक्रोग्रॅम रोज, दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर 28 दिवसांत मिटते. पाळी चुकल्याचं लक्षात येऊन तपासणी होईपर्यंत तो काळ बहुतेक सरलेला असतो, म्हणून नंतर सुरू करून नळी नीट मिटण्यासाठीचा फायदा मिळत नाही. मधुमेह, फिटची औषधं किंवा आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल, तर डोस बराच मोठा लागतो. तो डॉक्टरांनीच ठरवायचा. फिटची औषधं मात्र स्वतःहून बंद करू नका.