लो पोटॅशियम डाएट आणि बदाम-पिस्ते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बाबांसाठी विचारतेय. वय ६८, किडनीचा त्रास तिसऱ्या स्टेजला, डायलिसिस वगैरे नाही, पण परवाच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम ५.६ आलं आणि डॉक्टर म्हणाले "सुकामेवा, फळं जरा जपून", आता जपून म्हणजे किती हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत. डाएटिशियनची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे.

अडचण अशी की बाबांना चहाबरोबर मूठभर बदाम-पिस्ते लागतातच, सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षांची सवय. काल गुपचूप ती मूठ वजनकाट्यावर टाकली तर ४० ग्रॅम भरली! पिस्त्यात १०० ग्रॅमला साधारण १००० मिग्रॅ पोटॅशियम, बदामात ७०० च्या वर, म्हणजे दोन मुठींत ७०० च्या आसपास गेलं की, आणि अशा डाएटमध्ये दिवसाला बऱ्याचदा २००० च्या आतच ठेवायला सांगतात. शिवाय पिस्ते खारे.

अक्रोडात मात्र १०० ग्रॅमला ४४० च दिसतंय. मग अक्रोडाचे ५-६ अर्धे तुकडे, बिनमिठाचे, वाटीत मोजून दिले तर चालतील का? हिशोबाने ५० मिग्रॅच होतात. सगळंच बंद केलं तर ते लपवून खाणार, डबा कुठे ठेवलाय हे त्यांना माझ्याआधी कळतं. आणि बदाम रात्रभर भिजवले की पोटॅशियम निघून जातं का? आत्या अगदी छातीठोक सांगतेय.

प्रतिसाद
सासूबाईंचं हेच चालू आहे म्हणून लिहितो. भिजवण्यावर विसंबू नका, बटाट्यासारख्या भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून पाणी फेकलं तर बरंच कमी होतं, अख्ख्या बदामाचं तसं नाही. अक्रोड आम्हाला मोजून चालतात, पण फॉस्फरस पण बघावा लागतो, आणि तुमच्या बाबांचा आकडा ५.६ आहे तर अपॉइंटमेंटपर्यंत थांबू नका, उद्याच डॉक्टरांना फोन करून विचारा, तोवर डबा बंद. मनुका-जर्दाळू पण त्यातच धरा, सुकामेवा म्हटलं की लोक ते विसरतात. बीपीच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं, मात्र गोळी स्वतःहून बंद करू नका. आणि हो, मीठ कुठलं वापरता? लो सोडियमवालं असेल तर पाकीट वाचा.

धागाकर्ती
बापरे. आत्ता पाकीट वाचून आले. बीपीसाठी म्हणून मीच दोन महिन्यांपूर्वी आणलेलं, मागे बारीक अक्षरात पोटॅशियम क्लोराइड लिहिलंय. आणि मी बाबांच्या मुठी मोजत बसलेय! सकाळी पहिला फोन डॉक्टरांना, पाकिटाचा फोटो काढून ठेवलाय. बाबांना अजून सांगितलं नाही, सांगितलं तर म्हणतील, बघ, पिस्त्यांची काही चूक नव्हती.