पर्थची रोझमेरी बेळगावच्या पावसात का मरते?

गच्चीवरची_काकू (टिळकवाडी, बेळगाव)

नमस्कार मंडळी. माझी तिसरी रोझमेरी, ते वासाच्या पानांचं विलायती झुडूप, परवा गेली. लॅव्हेंडरची दोन रोपं त्याआधीच गेली, त्यांचं मी आता नावच काढत नाही.

मुलगी ऑस्ट्रेलियात पर्थला असते. दोन वर्षांमागं नोव्हेंबर ते जानेवारी तिच्याकडं राहून आले. तिथं रोझमेरीचं कुंपण असतंय, आपल्याकडं मेंदीचं असतं तसं. बसथांब्याच्या कडेला, मरणाच्या उन्हात, कमरेइतकी झुडपं. कुणी तांब्याभर पाणी घालताना दिसलं नाही. जाता-येता हात फिरवला की दिवसभर बोटांना वास. मी म्हटलं, ज्याला कुणी विचारत नाही ते झाड माझ्या हातून तरी काय मरणार?

मेलं की. फेब्रुवारीत आणलं तेव्हा वीतभर होतं, मे अखेर दुप्पट झालं. मग आपला पाऊस. इथल्यांना सांगायला नको, आठ-आठ दिवस टॉवेल वाळत नाही. जुलैत शेंड्यांनी माना टाकल्या. मला वाटलं तहानलंय, कारण कुंडी पत्र्याच्या कडेला आहे, पाऊस तिरका येईल तेवढाच लागतो. म्हणून रोज सकाळी पाणी घालत गेले. दहा दिवसांत खालून वर सगळं तपकिरी. नुसतं हात लावला तरी पानं गळूलालीत.

माती अशी: लाल माती, शेणखत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समसमान. कुंडी प्लॅस्टिकची, दहा इंची. खाली थाळी, नाहीतर फरशीवर डाग पडतात. रोप दिलं त्यानं सांगितलं होतं "रोज थोडं पाणी, काळजी करू नका."

पर्थ कोरडं आणि बेळगाव ओलं, एवढाच फरक का? तसं असेल तर अथणीला माझी नणंद आहे, तिकडं पाऊस कमी. तिच्या दारात जगेल का? की नाद सोडू? सासूबाई म्हणतात, "तुळशीशेजारी ते विलायती हवंच कशाला?"

गल्ली_नंबर_७

निंबोळी तेल फवारा आणि शेणखत वाढवा. आमचा मोगरा त्यावर एक नंबर आहे.

जांभा_माती (खानापूर)

काकू, शेणखत वाढवू नका. मोगऱ्याला जे मानवतं ते हिला विष. मी आठ वर्षांत अकरा रोझमेऱ्या मारल्यात, त्या अधिकारानं सांगतो.

मेलेलं झाड टाकलं नसेल तर आधी कुंडीतून काढा आणि एक मूळ चिमटीत धरून ओढा. साल मोज्यासारखी निघून आली आणि आत नुसता दोरा राहिला तर मूळ कुजलंय. गंमत अशी की मुळं कुजली की झाड तहानल्यासारखंच दिसतं, कारण पाणी वर चढवायला कुणी उरलेलंच नसतं. आपण कळवळून आणखी पाणी घालतो. माझ्या अकरांपैकी सात तरी अशाच गेल्या.

आता पर्थचं. तिथंही पाऊस भरपूर पडतो, पण मुख्यतः मे ते ऑगस्ट, आणि तो त्यांचा हिवाळा. तुम्ही गेला होता तो उन्हाळा, कोरडा ठणठणीत. भूमध्य समुद्राचा काठ, कॅलिफोर्निया, चिलीचा मधला भाग, दक्षिण आफ्रिकेचं केप आणि ऑस्ट्रेलियाचा नैऋत्य-दक्षिण कोपरा, या पाचही ठिकाणी असंच: पाऊस थंडीत, उन्हाळा कोरडा. तिथली झाडं थंडी-वसंतात वाढतात आणि उन्हाळ्यात अंग आखडून पडून राहतात. रोझमेरीचं पान बघा, कडा खाली मुडपलेल्या, पाठीवर पांढुरकी लव. सगळी सोय पाणी जपायची. कोमट माती आणि वर पाणी हे तिनं पिढ्यानपिढ्या एकत्र पाहिलेलंच नाही. मुळं कुजवणाऱ्या बुरशीला नेमकं तेच हवं असतं, आणि आपला जून ते सप्टेंबर म्हणजे तेच. मराठवाड्यासारखी एक सर येऊन ऊन पडलं असतं तरी निभावलं असतं. आपली झडी थांबत नाही.

म्हणून मी हिचं वर्ष उलटं धरतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उघड्यावर, पूर्ण उन्हात, तेव्हा वाढ. मृग लागायच्या आत पत्र्याखाली, अगदी भिंतीला लागून, वारं खेळेल अशी. पावसाळ्यात पाणी दिवस मोजून घालत नाही, कुंडी उचलून बघतो. हलकी लागली तरच, कधी दहा-बारा दिवसांनी. एप्रिल-मेमध्ये मात्र कुंडीतलं झाड आहे हे विसरू नका, तीन-चार दिवसांनी भरपूर द्या आणि निथळू द्या.

कोकोपीट बंद, ते पाणी धरून ठेवतं. मी एक भाग लाल माती, एक भाग जाड वाळू, एक भाग फुटक्या कौलांचा चुरा घेतो. खानापुरात फुटक्या कौलांना तोटा नाही. धूळ चाळून टाका, नाहीतर सिमेंट झाल्यासारखं बसतं. कुंडी मातीचीच, भाजलेली, आणि तिला तीन विटांवर ठेवा. ती थाळी आजच्या आज काढा. फरशीचे डाग पुसता येतात.

लॅव्हेंडर जास्त नाजूक. तिला चुनखडीची जमीन आवडते, आपली जांभ्याची माती आंबट. बारीक सरळ पानांची इंग्लिश लॅव्हेंडर थंडी मागते, ती इथं नकोच. दातेरी पानांची घ्या, ती उष्णता जरा सोसते. तरी हमी देत नाही.

द्राक्षवाला_अथणी

नणंदबाईंच्या दारात लावायची आसंल तर ऐका. पाऊस आमच्यात कमी, खरं. पर जमीन काळी. एकदा भिजली की चार-चार दिवस चिखल, आन् वाळली की ह्या एवढ्या भेगा. तुमच्या ह्या झाडाची मुळं त्यात गुदमरत्यात. कुंडीतच लावा म्हणावं, न्हाईतर मुरमाचा दीड फूट उंच गादीवाफा करून.

जांभा दादांनी वर्ष उलटं धरायचं म्हटलं, ते आमी बागंत तेच करतोय की. द्राक्षाचा येल पन तुमच्या त्या भूमध्याकडचाच पाव्हणा. तिकडं थंडीत पानं झाडून झोपतो, वसंतात उठतो, वर्साला एक पीक. आमच्यात त्याला झोपायला थंडीच न्हाई. म्हणून कात्री लावून उठवायचा. एप्रिलात खरड छाटणी, त्या फुटीवर काडी, म्हंजे नवी फांदी, तयार व्हती आन् तिच्या डोळ्यात घड बसतो, पर फळ घ्याचं न्हाई. पावसाळा नुसत्या काडीवर काढायचा. मग ऑक्टोबरात फळछाटणी, घड येत्यात आन् फेब्रुवारी-मार्चात कोरड्या हवेत माल पिकतो. ऑक्टोबरात परतीचा पाऊस लांबला तर डाउनी, म्हंजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, येतोय, त्या पंधरा दिवसात झोप लागत न्हाई. गेल्या साली माझा एक प्लॉट असाच गेला, आता त्यो इषय नको.

बेदाण्याला आमी पोटॅशियम कार्बोनेट आन् डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवून शेडात जाळीवर टाकतो. ती रीत पन ऑस्ट्रेलियातनंच आलीया. लेकीला सांगा.

येळ्ळूरचा_माळ

थोडं विषयांतर. लॅव्हेंडरच हवी असेल तर आपल्या माळावर तिची सख्खी बहीण उगवते, घोडेघुई. चिरलेल्या पिसासारखं पान, पाऊस ओसरता-ओसरता फिक्या निळसर फुलांचे तुरे. वर्षायू आहे, बी पडतं आणि पुढच्या पावसाळ्यात आपसूक येतं. वासाला विलायतीची सर नाही, पण पावसानं मरत नाही. झाड उपटू नका, वाळल्या तुऱ्यातलं चिमूटभर बी आणा आणि पेरा.

गच्चीवरची_काकू

काल संध्याकाळी कुंडी उपडी केली. बरोब्बर मोज्यासारखी साल निघाली. खालच्या दोन इंचात कोकोपीट पिळलं तर पाणी टपकलं, आणि वास गटारीचा. थाळीत डासांच्या अळ्या होत्या, ते यजमानांना सांगितलेलं नाही.

द्राक्षवाले दादा, तुमचं वाचून नणंदेला फोन केला. ती म्हणते मुरूम ट्रॉलीनं मिळेल, पण रोझमेरी म्हणजे काय ते आधी सांग.

जांभा_माती, एक शंका. सासूबाईंचं एक जिरेनियम आहे, पंधरा वर्षं त्याच गच्चीवर, जिन्याच्या दाराशी छपराखाली. फुटक्या डब्यात, मातीत अर्धे खडे. आठवण झाली तर पाणी. पावसाळ्यात कुणी तिकडं फिरकत नाही. ते का मरत नाही?

जांभा_माती (खानापूर)

ते दक्षिण आफ्रिकेतलं, केपकडचं. छप्पर, खडे, भोक पडलेला डबा आणि विसराळूपणा. मी वर एवढं लांबलचक लिहिलं ते त्यांनी पंधरा वर्षांपूर्वीच करून ठेवलंय. रोझमेरीची नवी कुंडी त्या डब्याशेजारीच ठेवा आणि पाणी घालायचं काम त्यांच्याकडं द्या.

ऑक्टोबरात खानापूरकडं येणं झालं तर कळवा, फुलं नसलेले चार बोटं लांबीचे शेंडे देतो. खालची पानं काढून ओल्या वाळूत खोचा, महिन्या-दीड महिन्यात मुळं धरतात. चार खोचा, दोन जगतील.

गच्चीवरची_काकू

सासूबाईंना वाचून दाखवलं. "म्हणजे माझंही विलायतीच होय?" म्हणाल्या आणि डबा तुळशीपासून हातभर लांब सरकवला.