सुवर्णकाळ म्हणे १९६५ ते ७५! बाकी सगळं कचरा?

सप्तक: परवाच्या एका पोस्टमध्ये ठणकावून लिहिलंय की पॉप-रॉकचं खरं संगीत १९६५ ते ७५ मध्येच झालं, पुढे सिंथेसायझर आले आणि आत्मा गेला. गप्प बसणार होतो, पण राहवलं नाही. यंत्र आलं की आत्मा जातो, तर इलेक्ट्रिक गिटार काय झाडाला लागते? १९६५ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायक बॉब डिलनने ती हातात घेतली तेव्हा लोकांनी हुर्यो उडवलीच होती. बीटल्सनी १९६६ मध्ये दौरे थांबवले आणि स्टुडिओत टेपा उलट्या फिरवत बसले. म्हणजे तुमचा सुवर्णकाळच यंत्रांशी खेळून घडलाय. मला ऐंशीचं दशक आवडतं. यामाहाच्या डीएक्स७ सिंथेसायझरचा तो घंटेसारखा किणकिणणारा पियानो लागला की आजही मी हातातलं काम सोडतो.

तबकडी: ती पोस्ट माझीच, आणि एक अक्षर मागे घेणार नाही. हुर्यो उडवणारे चुकले, मान्य. म्हणून ऐंशीतला तो फुगवलेला स्नेअर, म्हणजे ड्रमसेटमधला तो कडक आवाजाचा ड्रम, गोड मानायचा? धाडकन वाजतो आणि घुमायच्या आत तोडलेला. फिल कॉलिन्सच्या १९८१ च्या पहिल्या सिंगलमध्ये शोभला. पुढे जो तो तेच करत सुटला.

ठेका: स्नेअर तरी माणूस वाजवत होता हो! मी बँडमध्ये ड्रम वाजवायचो. ड्रम मशीन आलं आणि मला सांगितलं, उद्यापासून येऊ नका. रोलिंग स्टोन्सचा ड्रमर चार्ली वॉट्स स्नेअरवर ठोका देताना हाय-हॅटवरचा, म्हणजे त्या झांजांच्या जोडीवरचा, हात उचलून घ्यायचा. त्या एवढ्याशा फटीत गाणं श्वास घेतं. हे मशीनला कोण शिकवणार?

मंद्र: भांडण भलत्याच गोष्टीवर चाललंय. संगीताची वाट मास्टरिंगने, म्हणजे रेकॉर्डिंगवर शेवटचा हात फिरवतात त्याने, लावली. नव्वदीत सीडी एकमेकींपेक्षा मोठ्याने वाजवायची शर्यत लागली. मेटॅलिका या मेटल बँडचा २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' अल्बम घ्या. सीडी इतकी दाबलेली की 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममधली तीच गाणी जास्त मोकळी वाटतात! जुने अल्बमही 'रीमास्टर' म्हणून असेच चेपून विकले. वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, उघडून बघा, चढउतार गायब, नुसता सलग पट्टा.

तबकडी: म्हणून तर सांगतो, एलपी ऐका.

मंद्र: एलपीला देव्हाऱ्यात बसवू नका. फेरे मिनिटाला ३३⅓ च, पण आत जाल तसा वर्तुळाचा घेर कमी होतो, सुईखालून खाच हळू सरकते आणि तबकडीच्या प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात 'स' फाटतो. खर्जही आवरावा लागतो, नाहीतर सुई उडते.

तबकडी: वडिलांनी मला सुई ठेवायला शिकवलं, तेव्हापासून ऐकतोय. फाटलेला 'स' मलाही ऐकू येतो. तरी तेच हवंय. मला खाचांचं गणित शिकवू नका.

मंद्र: मग आवड म्हणा. श्रेष्ठ म्हणू नका.

सप्तक: अहो, धागा दशकांबद्दल होता! सरळ आहे, प्रत्येकाला आपल्या सोळाव्या वर्षीचंच संगीत थोर वाटतं.

खर्ज: मला नाही वाटत. माझं सोळावं वर्ष स्ट्रीमिंगमध्ये गेलं आणि मी सत्तरीतलंच ऐकते. पण काका, तुम्ही तेव्हाची निवडून उरलेली गाणी आमच्या आजच्या सगळ्या गाळासमोर ठेवता. सत्तरीतला गाळ कोण ऐकतं आता?

तबकडी: गाळ तेव्हाही होता, बरं. पण तीस सेकंद ऐकलं की एक 'स्ट्रीम' मोजणार, म्हणून गाण्याच्या सुरुवातीची सुरावटच कापून टाकायची, हा धंदा नव्हता.

खर्ज: मग तीन मिनिटांचं गाणं आलं कुठून? ७८ च्या दहा इंची तबकडीवर तेवढंच मावायचं. बाजाराची कात्री तुमच्या आधीपासून आहे.

तबकडी: तबकडीची मर्यादा वेगळी आणि श्रोत्याच्या उतावीळपणापुढे लोटांगण वेगळं. पण मुद्दा आहे तुमचा.

सप्तक: ठेकाराव, पॉप गायक प्रिन्सने लिन एलएम-१ या ड्रम मशीनवर जे केलं तेही निर्जीवच का?

ठेका: प्रिन्सला सोडा. त्याने ते यंत्र वाद्यासारखं वाजवलं, हे मी ड्रमर म्हणून मान्य करतो. बाकीच्यांनी फक्त बटण दाबलं आणि एका माणसाचे पैसे वाचवले. त्यांना माफी नाही.