.मोबी बुडालं, आता .अ‍ॅपवर उड्या? आधी रिन्यूअलचा हिशेब मांडा

टीएलडी-तात्या
परवा इथे एकाने सल्ला ठोकला: 'जमाना मोबाइलचा आहे, .मोबी आणि .अ‍ॅपमधली पन्नास नावं उचला, तीन वर्षं गप्प बसा, दसपट होतात.' खाली वाहवा करायला रांग. म्हणून हे लांबण. नवख्यांसाठी: .मोबी, .अ‍ॅप ही .कॉमसारखी वेबपत्त्याची शेपटं, म्हणजे एक्स्टेंशनं; नाव (डोमेन) घेऊन ठेवायचं आणि महाग विकायचं हा धंदा; आणि नाव टिकवायला दरवर्षी भरायची फी म्हणजे रिन्यूअल.

.मोबी 2006 साली सर्वांना खुलं झालं तेव्हा पाठीशी गूगल, मायक्रोसॉफ्ट, नोकिया, व्होडाफोन होते. याहून तालेवार वऱ्हाड कुठून आणणार? 'फ्लॉवर्स डॉट मोबी' त्याच वर्षी लिलावात 2 लाख डॉलरला गेलं आणि पुढे साडेसहा हजार डॉलरांत सुटलं. 2007 च्या आयफोनने अख्खी वेबसाइट खिशात आणली, 2010 पासून रिस्पॉन्सिव्ह डिझाइन (पडद्याच्या मापाने स्वतःला बसवणारं पान) रुजलं. एकच पान दोन्हीकडे उघडतंय म्हटल्यावर .कॉमवाला दुसरं दुकान कशाला थाटेल?

आता हिशेब. 50 नावं, रिन्यूअल सरासरी 1,000 रुपये धरा. वर्षाला 50,000. वर्षाकाठी शंभरातलं एखादं नाव विकलं जातं, हा धंद्यातला ठोकताळा. म्हणजे तुमच्या पन्नासातलं एक विकायला दोन वर्षं. तोवर लाख गेले. बाजारपेठेचं कमिशन 20 टक्के धरलं तर ते एक नाव सव्वा लाखाला गेलं पाहिजे, तेव्हा कुठे शून्यावर याल. पहिल्या वर्षीची 99 रुपयांची सूट बघून उड्या मारणाऱ्यांनी दुसऱ्या वर्षाचा दर आधी वाचावा. नव्या एक्स्टेंशनांत 'प्रीमियम' म्हणून जास्त दराने विकलेल्या नावाचं रिन्यूअलही बऱ्याचदा दरवर्षी प्रीमियमच असतं.

कीपॅडकर
झालेल्या लग्नाची पत्रिका बघून गुण जुळवणं सोपं असतं हो तात्या. तेव्हाच्या बटणांच्या फोनवर टायपून बघा, एका बटणावर तीन-चार अक्षरं, हवं ते येईपर्यंत दाबायचं. .मोबीला एम एकदा, ओ तीनदा, बी दोनदा, आय तीनदा: 9 दाब. त्यात एम आणि ओ एकाच 6 वर, म्हणजे मध्ये थांबायचं. शिवाय .मोबीच्या नियमातच होतं की पत्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूशिवाय उघडला पाहिजे आणि फ्रेम्स (पानात पान) नकोत. त्या काळाला हे शहाणपणच होतं.

.अ‍ॅपला त्याच काठीने झोडू नका. गूगलने 2015 मध्ये त्यासाठी अडीच कोटी डॉलर मोजले. सगळं एक्स्टेंशन ब्राउझरांच्या एचएसटीएस यादीत (फक्त सुरक्षित जोडणीने उघडायच्या पत्त्यांच्या) आहे, एचटीटीपीएस म्हणजे त्या सुरक्षित जोडणीशिवाय पान उघडतच नाही.

टीएलडी-तात्या
.कॉमला 7 दाब. तिथेही ओ-एम एकाच बटणावर, थांबा तसाच. आणि चालू पत्त्याआधी 'एम डॉट' लावून मोबाइलचं पान द्यायला फक्त दोन दाब जास्त, नवं डोमेन शून्य. तुमच्याच गणिताने .मोबी हरतं :)

गूगलने पैसे मोजले ते रजिस्ट्री (अख्ख्या एक्स्टेंशनचं नोंदणी-दफ्तर) चालवायला. दर नावामागे दरवर्षी त्यांना मिळतात. तुम्ही देणारे, ते घेणारे. दोघांना गुंतवणूकदार म्हणताय?

वेल्हाळ
दोघंही मुद्दा सोडताय. अ‍ॅप आलं तरी डोमेन सुटत नाही. लिंक थेट अ‍ॅपमध्ये उघडायची तर डोमेनवरच्या 'वेल-नोन' फोल्डरमध्ये असेटलिंक्सची फाइल (हे डोमेन या अ‍ॅपचंच, अशी चिठ्ठी) लागते, त्यात अ‍ॅपवरच्या डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राचा एसएचए-256 ठसा, म्हणजे ओळखखूण. नेहमीची चूक: डिबग कीचा (चाचणीच्या सहीचा) ठसा टाकतात, प्ले स्टोअरच्या साइनिंग कीचा नाही. दुसरी चूक: फाइलवर रीडायरेक्ट, म्हणजे विचारणा दुसऱ्या पत्त्यावर वळवणं. मग अँड्रॉइड 12 पासून लिंक गुपचूप ब्राउझरमध्ये उघडते आणि दोष डोमेनला. ही फाइल .इनवरही चालते, .अ‍ॅपच हवं असं नाही.

आणि नाव सोडून देणं महागात पडतं. .मोबीच्या रजिस्ट्रीने हूइज (नाव कोणाच्या मालकीचं ते सांगणाऱ्या) सर्व्हरचा जुना पत्ता सोडला, 2024 मध्ये संशोधकांनी तो 20 डॉलरला घेतला, तर जगभरचे सर्व्हर अजून तिथेच विचारणा करत होते.

स्वल्पविराम
अवांतर, पण राहवत नाही. सगळे रोमन लिपीतच अडकलेत. देवनागरीतलं एक्स्टेंशन .भारत 2014 पासून आहे, त्यात मराठीही आहे. फोनवर लोक मराठीतच बोलून शोधतात. खरी मोकळी जमीन तिथे आहे.

कीपॅडकर
मोकळी आहे कारण पाणी लागत नाही. त्या नावावर ईमेल सुरू करा, बघू. दोन्हीकडच्या सर्व्हरला युनिकोड (रोमनबाहेरच्या लिपीतले) पत्ते कळावे लागतात. कुठला तरी सरकारी फॉर्म 'अवैध ईमेल' म्हणून परत पाठवतो.

स्वल्पविराम
ईमेलसाठी .इन ठेवा ना! आणि रोमनमध्ये कुठे सुख आहे? 'वाडा' व्हीने की डब्ल्यूने? 'ज्ञान' आपण डी-एन-वाय लिहितो, हिंदीवाला जी-वाय. प्रत्येक नावाची दोन-दोन डोमेनं घ्यायची, रिन्यूअल दुप्पट. देवनागरीत स्पेलिंग एकच.

वेल्हाळ
एकच? 'दऱ्या' लिहून दाखवा. एक पद्धत नुक्तावाल्या (खाली टिंबाच्या) ऱ ची, दुसरी र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. जुन्या आयडीएन (रोमनबाहेरच्या लिपीतल्या डोमेनांच्या) नियमांत तो जोडक गळून पडायचा आणि उरायचं 'दर्या'. डोंगरातली दरी थेट समुद्रात.

स्वल्पविराम
मग ऱ्य असलेलं नाव घेऊ नका! एका अक्षरासाठी अख्खी लिपी नालायक ठरवणार? इंग्रजी बोर्ड लावणाऱ्या दुकानदारांवर बोंबलायचं आणि स्वतः घ्यायचं .कॉम.

टीएलडी-तात्या
भाषाभिमान वेगळा, रिन्यूअलचं बिल वेगळं. ते भरायला अभिमान चालत नाही.

स्वल्पविराम
बिलावरच बोलू. मराठी एसएमएसला 70 जागा, इंग्रजीला 160. त्या 70 मध्ये तुमची एचटीटीपीएससकट तीस अक्षरी लिंक घातली की मजकुराला 40. म्हणून आखूड नावाला मोबाइलवर खरी किंमत आहे. हे तुमच्या हिशेबात कुठे दिसलं नाही.

वेल्हाळ
आखूडचा मुद्दा बरोबर. पण 'किराणा' डोळ्याला तीन अक्षरं, एसएमएस मोजतो सहा, मात्रा वेगळ्या. आणि ऑक्टोबर 2024 पासून ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमाने व्यावसायिक एसएमएसमधली लिंक आधी व्हाइटलिस्ट करावी (मंजूर यादीत नोंदवावी) लागते. गिऱ्हाइकाला हेही सांगून विका.

टीएलडी-तात्या
आखूड नाव, तेही चालत्या धंद्याला विकायचं असेल तर ठीक. मान्य. लिहून ठेवा, पुन्हा म्हणणार नाही. पण ते पाच नावांचं काम आहे, पन्नासांचं नव्हे. आणि बँकेच्या नावाला 'लोन' जोडून .इन घेणाऱ्यांनो, आयएनडीआरपीत (.इन नावांच्या वादांच्या निवाड्यात) नाव जातं, भरलेली फी परत येत नाही.

कीपॅडकर
तात्यांनी काही तरी मान्य केलं. स्क्रीनशॉट घेतलाय.

स्वल्पविराम
आणि .भारत?

टीएलडी-तात्या
तुम्ही आधी 'दऱ्या'चं बघा.