पन्हाळा–पावनखिंड वाट: जुलैतल्या गर्दीला आकडा ठरवायचा की नाही?

माळकरी (धागाकर्ता)

मोहिमांच्या जाहिराती पुन्हा सुरू झाल्यात. १२-१३ जुलैच्या आगेमागे येणाऱ्या शनिवारी पन्हाळ्यावर काय असतं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी जयघोष, ढोल, गटागटाचे टी-शर्ट, आणि मग सगळी फौज तुरुकवाडी-म्हाळुंगेवरून एकदम मसाई पठारावर.

माझं म्हणणं एवढंच: या वाटेवर दिवसाला किती माणसं सोडायची याचा आकडा ठरवा. आणि पठार व खिंडीअलीकडचं जंगल या दोन टप्प्यांत काँक्रीट, पेव्हर, पायऱ्या काही घालू नका. वाडीपर्यंतच्या रस्त्याबद्दल माझी तक्रार नाही, तो हवाच.

पठाराचं एवढं का लावून धरतो ते सांगतो. खाली सगळा जांभा, त्यावर मातीचा पातळ पापुद्रा. दवबिंदू, सीतेची आसवं अशा इवल्या रानफुलांचा सगळा संसार पावसाळ्याच्या तीन-चार महिन्यांत त्या पापुद्र्यावरच उरकायचा असतो. मधली वाट चिखलाची झाली की माणूस कडेच्या गवतावरून चालतो, मग कड चिखलाची होते, मागचा आणखी बाजूनं जातो. बघता बघता एका पायवाटेच्या चार होतात. त्यात कुणी हौसेनं जीप घातली तर चाकोरीतून पाणी धो धो वाहतं आणि माती घेऊन जातं. खाली उरतो तो उघडा दगड, त्याच्यावर काय उगवणार? मसाई पठार संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालंय, पण शनिवारी तिथं उभं राहून ते कुणाला खरं वाटणार नाही.

तीन दरवाजा

साफ विरोध.

कोल्हापुरातल्या पोराची पहिली मोठी चाल म्हणजे पावनखिंड. पन्नासेक किलोमीटर चिखल तुडवत, ओल्या बुटांत, दोन दिवस. त्यातनं पोरगं घडतं. तुम्ही आकडा ठरवलात की बुकिंग आलं, बुकिंग आलं की ऑनलाइन आलं. मग जागा कुणाला मिळणार? पुण्या-मुंबईत ऑफिसात लॅपटॉप उघडून बसलेल्यांना. कळंब्याचं पोरगं घरात बसणार आणि बाहेरचा येऊन आमच्या बाजीप्रभूंना मुजरा करणार. जमणार नाही.

आणि ‘वाट होती तशी ठेवा’ म्हणजे नक्की कशी? १६६० साली महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातनं निसटले ते कुठल्या बांधावरून आणि कुठल्या ओढ्यातनं गेले, याचा पावलापावलाचा नकाशा कुणी ठेवलेला नाही. पन्हाळ्याचंच बघा. इंग्रजांनी १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर गडाचा ‘चार दरवाजा’ नावाचा दरवाजाच पाडला. गड तरीही उभा आहे, २०२५ ला जागतिक वारशातही गेला. चार पायऱ्यांनी इतिहास बुडत नसतो.

माळकरी

वारशात पन्हाळा गेला, वाट नाही. बारा किल्ल्यांच्या त्या यादीत विशाळगडसुद्धा नाही. म्हणजे या मधल्या पट्ट्याला गडासारखं कुणी वाली नाही, म्हणूनच बोलतोय. आणि चार दरवाजा शत्रूनं पाडला होता हो. आपण आपल्याच हातानं काय काय करायचं याचा तो दाखला कसा होईल?

पायऱ्यांचा राग त्यांच्या दिसण्यावर नाही. जंगलात उतारावर काँक्रीट टाकलं की पाणी त्याच्या कडेनं वाट काढतं, दोन पावसाळ्यांत खालची माती जाते आणि पायरी अधांतरी लोंबकळते. त्यापेक्षा आडवे दगड लावून पाणी बाजूला काढून दिलेलं बरं. जुन्या लोकांनी घाटवाटा तशाच राखल्या.

भटकभवानी

दोघेही आकडा आणि पायऱ्यांवर भांडताय. बायकांना विचारा, आधी संडासाचं बोला. पठार सोडलं की मुक्कामाच्या वाडीपर्यंत आडोसा म्हणजे कारवीची झुडपं. गटातल्या मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत, का ते तुम्हीच ओळखा. आयोजक ‘चहा-नाश्ता-जेवण-प्रमाणपत्र’ असं छापतात, या एका गोष्टीचा जाहिरातीत उल्लेख नाही. प्रमाणपत्र कशाला लागतं तेही मला आजवर कळलेलं नाही.

आकड्याला माझा पाठिंबा आहे, पण याच कारणासाठी. ज्या वाडीत दोन संडास आहेत तिथं तीनशे माणसं मुक्कामाला टाकू नयेत.

शाहूवाडीचा गडी

मी त्याच वाटेवरचा. तुमचं वाचून गंमत वाटली.

तुमी येताय तवा आमची भाताची रोपलागण चालू असती. गुडघाभर चिखलात, डोक्यावर इरलं नायतर प्लास्टिकचा कागद. आणि तुमची रांग येती बांधावरनं. बांध मऊ असतोय, शंभर माणसं गेली की ढासळला. वाफ्यातलं पाणी खालच्या वाफ्यात, रोप सगळं आडवं. दादा म्हणून हाक मारावी तर म्होरचा म्हणतोय ‘जय शिवराय’. आमी पण म्हणतोय जय शिवराय. बांध कोण घालणार?

पण गर्दी बंद करा असं आमी म्हणत न्हाई. त्या दोन म्हैन्यात घरात चार पैसे येत्यात. भाकरी, पिठलं, झोपायला माळा. आमच्या बायका पहाटं उठून भाकऱ्या थापत्यात. आकडा ठरवायचा तर आमास्नी इचारून ठरवा. आणि जंगलात रस्ता नको म्हणताय ते ठीक, पण बाळंतीण डोलीतनं न्यायची पाळी ज्याच्यावर आली त्येला ‘निसर्ग’ म्हणून सांगू नका.

जांभा दगड

वरचा प्रतिसाद पुन्हा वाचा सगळ्यांनी.

आकड्याचं म्हणाल तर फार लांब जायला नको. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजारांची मर्यादा आहे, शुल्क आहे, आणि गेटवरचं काम आसपासच्या गावांची वन समिती बघते. तिथलीच माणसं पावती फाडतात, तीच फुलं तुडवणाऱ्याला हटकतात. सगळं गोडगोड झालं असं नाही. कुंपण घातलं, त्यावरून ओरड झाली, पुढं ते काढलंही. पण पैसा गावात राहतो आणि हटकणारा गावचा असतो, हे दोन मुद्दे उचलण्यासारखे.

तीन दरवाजा

कासला गेट लावता येतं कारण लोक गाडीनं एका जागी येतात. इथं गेट कुठं लावणार? पन्हाळ्यावर अडवलं तर लोक म्हाळुंग्यातनं चढतील, तिथं अडवलं तर सरळ पांढरपाण्यात गाडीनं उतरून खिंडीत जातील. वाड्यावाड्यांतनं वाट फुटते. आणि पन्हाळ्याचे लोक जागतिक वारशाच्या वेळी निर्बंधांच्या भीतीनं रस्त्यावर आले होते ते विसरलात का? तीच भीती उद्या वाड्यांत शिरेल. आधी म्हणणार पर्यटक मोजतो, मग म्हणणार गुरं चारू नका.

माळकरी

गुरांचा मुद्दा रास्त आहे. वन खात्याला अधिकार देताना तो कागदावर नक्की करून घ्यावा लागेल.

गेट मात्र वाटेवर नकोच. गर्दी अडते ती मुक्कामाला. रात्री कुठंतरी टेकावंच लागतं. वाडीनं सांगावं, आमच्याकडं ऐंशी जण मावतात, एक्याऐंशीवा नको. आयोजकानं जायच्या आधी वाडीची चिठ्ठी घ्यावी आणि चिठ्ठी नसेल तर गट निघू नये. यात ऑनलाइन काही नाही, त्यामुळे कळंब्याच्या पोराचं नुकसान नाही. उलट वाडीवाल्यांची त्याच्याशी ओळख असते, त्याला आधी जागा मिळेल.

पाटगाव खोरं

तुमचं चालू द्या. फक्त ‘पावनखिंडीत गर्दी झाली म्हणून रांगणा किल्ल्याला या’ असं कुणी लिहू नका, हात जोडतो. भटवाडीवरनं चिक्केवाडीकडं जाताना गवा आडवा येतो, मोबाईलला रेंज नाही, आणि जळवा तर विचारू नका. तिथं ढोल घेऊन आलात तर गव्याला जयघोष समजत नाही.

भटकभवानी

😀 हे मान्य.

माळकरी, चिठ्ठीची कल्पना बरी आहे. त्यात संडासाची संख्या धरा. वीस माणसांमागं एक, आणि तो बांधायला पैसे आयोजकांनी आगाऊ द्यायचे. प्रमाणपत्राचा खर्च वाचवला तरी एखादा उभा राहील.

शाहूवाडीचा गडी

चिठ्ठीला माझी ना न्हाई. गावात बोलून बघतो. दोन-तीन घरं म्हणतील की त्यांच्याकडंच माणसं जास्त यावीत, त्ये आमचं आमी मिटवू. त्यात बांधाचं पण लिवा: रोप लागल्यावर बांधावरनं जायचं न्हाई, ओढ्याकडची वाट धरायची.

आता संडासाचं. ताई म्हणत्यात त्ये खरं हाय. पण एक सांगा, जुलैत आमच्यात खड्डा खणला की हातभर खाली पाणी लागतंय. शोषखड्डा भरून वर येतोय आणि खाली ओढा हाय, त्येच पाणी पुढं कासारी नदीत जातंय. टाकी बांधायची तर उपसणारी गाडी वाडीपतूर येत न्हाई. ह्येच्यावर कुणाकडं उपाय असंल तर लिवा, मी उद्या रेंजमध्ये आलो की बघतो.