मंदीत उमेद धरायची म्हणजे नेमकं काय करायचं?

अंत्रुजवाला: बाजार घसरला की आमच्या घरच्या ग्रुपवर 'सगळं विका, सोनं घ्या' सुरू होतं. मला हे पटत नाही. २००८ च्या जानेवारीत सेन्सेक्स २१ हजारांवर होता, २७ ऑक्टोबरला तर व्यवहार चालू असताना ८ हजारांखालीही गेला. माझ्या काकांनी तेव्हा सगळे शेअर विकले. नोव्हेंबर २०१० मध्ये सेन्सेक्स पुन्हा २१ हजारांवर! २३ मार्च २०२० ला एका दिवसात १३ टक्के पडला, तेही त्याच वर्षात भरून निघालं. घाबरलेला माणूस पडलेल्या भावात विकतो. म्हणून म्हणतो, उमेद सोडू नका.

डिचोलीचा टिप्परवाला: बाब, उमेदीनेच माझं घर बुडवलं. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या. खनिज वाहणारे माझे दोन टिप्पर, दोन्ही कर्जावर. 'पावसाळा सरला की सुरू होतील' असं जो तो सांगायचा. माझ्या भावाने आपला टिप्पर तोट्यात विकला, मी मात्र हप्ते आणि विमा भरत बसलो. पुढे खाणी सुरू झाल्या, पण वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून. मग किती गाड्यांना काम मिळणार? फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने खाणींच्या ८८ लीज (भाडेपट्टे) रद्द केल्या आणि १६ मार्चपासून सगळं ठप्प. बायकोच्या पाटल्या सोसायटीत गहाण पडल्या त्या तेव्हाच. तुमचा सेन्सेक्स परत आला, आमचे दिवस आले नाहीत.

एक वाचक: शेअर बाजारही दरवेळी लवकर परततो असं नाही. जपानचा शेअर निर्देशांक निक्केई १९८९ च्या डिसेंबरात ज्या उंचीवर होता, तिथे पोहोचायला त्याला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. ३४ वर्षं! पन्नाशीच्या माणसाने काय करायचं?

बार्देशची सून: टिप्परवाले भाऊ, कर्जाबद्दल तुमचं पटलं. पण उमेद म्हणजे जुनंच परत येईल याची वाट बघणं, एवढंच का धरायचं? २०२० मध्ये आमच्या पर्यटकांना द्यायच्या दोन्ही खोल्या रिकाम्या होत्या. वाड्यावरच्या पोसरकाराने, म्हणजे किराणा दुकानदाराने, सहा महिने तांदूळ, तेल, साबण वहीवर दिलं. एकदाही तगादा नाही. त्याला घाऊक व्यापारी थांबून देत होता, म्हणून तो आम्हाला देऊ शकला. त्यातला एक जरी घाबरून 'आधी रोख' म्हणाला असता, तर आम्ही सगळेच अडलो असतो. हा भरवसा खोटा होता असं मी कधीच म्हणणार नाही.

निवृत्त कॅशियर: ताईंनी वर्मावर बोट ठेवलं. बँकेचंही असंच असतं. ठेवींचा मोठा भाग कर्जात गुंतलेला असतो. सगळे एकाच दिवशी काऊंटरवर आले तर चांगली बँकही कोलमडते. मार्च १९३३ मध्ये अमेरिकेत रूझवेल्टनी सगळ्या बँका काही दिवस बंद ठेवल्या, रेडिओवरून लोकांना साध्या भाषेत समजावलं, तपासणीत ठीक ठरलेल्याच उघडल्या. लोक काढलेले पैसे परत भरायला आले. नुसत्या धीराच्या शब्दांनी हे झालं नसतं, मागे तपासणी होती. आपल्याकडे फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराच्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला, व्याज धरून, विमा आहे. पतसंस्थांना तो लागू नाही, आणि आपल्या गावांतले कितीतरी लोक आयुष्याची पुंजी तिथेच ठेवतात. कृपा करून आज पासबुक काढून बघा.

डिचोलीचा टिप्परवाला: ताई, तुमचा पोसरकार देवमाणूस. मला तसं कोणी भेटलं नाही असंही नाही, शेजाऱ्यांनी गणेश चवथीला सामान आणून दिलं होतं. पण 'होतील रे सुरू' म्हणण्याऐवजी कोणीतरी जवळ बसवून 'एक टिप्पर तरी वीक' म्हणायला हवं होतं. आता बालरथ, म्हणजे शाळेची बस, चालवतो. पगार थोडा, पण महिन्याच्या महिन्याला येतो.

अंत्रुजवाला: बाब, मी फक्त काकांचं उदाहरण धरून बसलो होतो. त्यांच्या डोक्यावर कर्ज नव्हतं, ते थांबू शकले असते. आमच्या घरच्या ग्रुपवरच्या चुलतभावाने गाडीचे हप्ते चालू असताना पतसंस्थेत ८ लाख ठेवलेत. आज रात्री त्याला फोन करतो.